टाइपरायटर थांबला… आणि कोलंबो आला!

चुरगळलेला रेनकोट, अर्धवट ओढलेला सिगार आणि खटारा गाडी… अमेरिकन टेलिव्हिजनवरच्या या वेंधळ्या डिटेक्टिव्हनं जगाला वेड लावलं. त्याच्या मालिकेचा पहिला भाग १९७१ मध्ये झळकला तेव्हा त्याच्या दिग्दर्शकाचं वय होतं अवघं चोवीस. नाव, स्टीव्हन स्पीलबर्ग! दोन लेखक मित्रांच्या वैराची ती गोष्ट अर्धशतक उलटल्यावरही ताजी वाटते. का बरं?

लॉस एंजेलिसच्या रस्त्यावरून एक चकचकीत मर्सिडीज येतेय. इंजिनाची घरघर नाही, हॉर्न नाही की पार्श्वसंगीत नाही. ऐकू येते ती फक्त टाइपरायटरची टकटक. उंच इमारतीतल्या एका ऑफिसात एक माणूस मान खाली घालून भराभरा टाइप करतोय. खाली गाडी थांबते, त्यातून रुबाबदार गृहस्थ उतरतो. वर टकटक चालूच. दोघांपैकी एकाचा जीव जाणार आहे, हे कुणी सांगायची गरजच पडत नाही. बघणाऱ्याच्या पोटात गोळा आलेला असतो.

१५ सप्टेंबर १९७१, बुधवारची रात्र. अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर 'कोलंबो' या मालिकेचा पहिला भाग दाखवला गेला. नाव होतं 'मर्डर बाय द बुक'. (श्रीलंकेच्या राजधानीशी या कोलंबोचा काही संबंध नाही. हे आपल्या नायकाचं आडनाव!) पुढे १९९७ मध्ये अमेरिकेतल्या 'टीव्ही गाइड' या साप्ताहिकानं टेलिव्हिजनच्या इतिहासातल्या शंभर सर्वोत्तम भागांची यादी केली, तेव्हा या भागाला सोळावं स्थान मिळालं. इतक्या वर्षांत शेकडो रहस्यमालिका आल्या आणि विस्मरणात गेल्या. हा सव्वा तासाचा भाग मात्र पुन:पुन्हा पाहिला जातो.

खुनी आधी, पोलीस नंतर

रहस्यकथा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरलेला साचा येतो. आधी प्रेत, मग पाच-सहा संशयित आणि शेवटच्या पानावर खुन्याचं नाव. बाबूराव अर्नाळकरांच्या कादंबऱ्यांची पारायणं केलेल्या मराठी वाचकाला शेवटचं पान आधी उघडायचं नाही, हा नियम वेगळा सांगावा लागत नाही. 'कोलंबो'नं हा साचाच उलटा केला. खून कुणी केला, का केला, कसा केला हे प्रेक्षकाला सुरुवातीलाच दाखवून टाकायचं! मग उरतं काय? तर एकच प्रश्न : इतका बेमालूम बेत केलेला खुनी पकडला जाणार कसा?

ही उलटी रीत इंग्लंडचा लेखक आर. ऑस्टिन फ्रीमन यानं १९१२ मध्ये 'द सिंगिंग बोन' या कथासंग्रहात वापरून दाखवली होती. टेलिव्हिजनवर ती रुजवली रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या लेखकांच्या जोडीनं. त्यांचा कोलंबो पहिल्यांदा दिसला तो १९६० मध्ये एका टीव्ही नाटकात. तेव्हा ती भूमिका बर्ट फ्रीड या नटानं केली होती. १९६२ मध्ये कोलंबो रंगभूमीवर आला, तेव्हा थॉमस मिचेल कोलंबो होता. त्याच नाटकावरून १९६८ मध्ये टीव्हीसाठी चित्रपट निघाला आणि कोलंबोचा रेनकोट पीटर फॉकच्या अंगावर चढला. मार्च १९७१ मध्ये आणखी एक चाचणी-चित्रपट आला, तोही लोकांना आवडला. मग सप्टेंबरात नियमित मालिका सुरू झाली.

गंमत म्हणजे कोलंबो साकारण्यासाठी आधी विचारणा झाली होती ती गायक-नट बिंग क्रॉस्बीला. त्यानं नकार दिला आणि फॉकचं नशीब उघडलं.

एक लिहिणारा, एक मिरवणारा

'मर्डर बाय द बुक' ही दोन मित्रांची गोष्ट. जिम फेरिस आणि केन फ्रँकलिन हे दोघे मिळून 'मिसेस मेलव्हिल' नावाच्या म्हाताऱ्या हेरबाईच्या कादंबऱ्या लिहितात. पुस्तकं धडाधड खपतात, दोघांची नावं घरोघरी पोहोचलेली. ऑफिसात मिसेस मेलव्हिलचं भलंमोठं तैलचित्र टांगलेलं.

पण आतली गोष्ट निराळीच आहे. कादंबऱ्यांची ओळ अन् ओळ लिहितो तो जिम. केन एक अक्षर लिहीत नाही. मुलाखती द्यायच्या, समारंभात मिरवायचं, फोटोसाठी उभं राहायचं, ही त्याची कामं. बोलण्यात तो इतका गोड की खरा लेखक तोच असं कुणालाही वाटावं. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललेलं असतं. मग जिमच्या मनात येतं की पुरे झाल्या या रहस्यकथा, आता काही गंभीर लिहावं, एकट्यानं लिहावं. भागीदारी संपवायची असं तो ठरवतो.

केनच्या पायाखालची वाळू सरकते. जिम गेला की कादंबऱ्या गेल्या, कादंबऱ्या गेल्या की थाट गेला. शिवाय जगाला कळणार की हा पठ्ठ्या नुसताच पोकळ वासा! भागीदार म्हणून जिमच्या आयुष्याचा मोठा विमा उतरवलेला असतो. जिवंत जिमपेक्षा मेलेला जिम आता जास्त कामाचा.

केनचा बेत असा : "झालं गेलं विसरून जाऊ" म्हणत तो जिमला शहराबाहेर, सॅन डिएगोच्या बाजूला असलेल्या आपल्या बंगलीवर घेऊन जातो. निघताना काहीतरी विसरल्याचं निमित्त करून एकटाच ऑफिसात परततो आणि तिथल्या सामानाची नासधूस करतो, जणू तिथे झटापट झालीय. बंगलीवर पोहोचल्यावर जिमला सांगतो, बायकोला फोन कर, पण ऑफिसातच उशिरापर्यंत काम करत बसलोय असं सांग. भोळा जिम ऐकतो. तो बायकोशी बोलत असतानाच केन गोळी झाडतो. लॉस एंजेलिसच्या घरात जोआनाला फोनमधून गोळीचा आवाज ऐकू येतो. नवरा ऑफिसातच मारला गेला, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नाही. आणि केन? तो तर त्या वेळी कितीतरी मैल दूर!

आपल्याकडे हा बेत त्या काळी मुळात जमलाच नसता. १९७१ मध्ये परगावी बोलायचं म्हणजे बहुतेक ठिकाणी ट्रंक कॉल लावायचा, ताटकळत बसायचं आणि एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरनं जोडून दिलं की घसा फोडून बोलायचं. पहिली साक्ष त्या ऑपरेटरचीच झाली असती! अमेरिकेत घरबसल्या लांबवरचा नंबर फिरवता येत होता, म्हणून केनचं फावलं.

ऑम्लेट करणारा डिटेक्टिव्ह

पाव तास उलटून जातो तरी मालिकेच्या नायकाचा पत्ता नसतो. हिंदी सिनेमात नायक इतका उशिरा आला तर थिएटरात शिट्ट्या पडतील. इथे सगळीकडे पोलिसांची धावपळ चाललेली असताना घाबरलेल्या जोआनासमोर एक बुटका, विस्कटलेल्या केसांचा माणूस येऊन उभा राहतो. हाच लेफ्टनंट कोलंबो. तो तिला घरी सोडतो आणि तिनं काही खाल्लेलं नाही हे लक्षात आल्यावर सरळ स्वयंपाकघरात शिरून ऑम्लेट करायला घेतो.

हा प्रसंग बघणाऱ्याच्या लक्षात राहतो, कारण त्यात अख्खा कोलंबो आहे. तो दरडावत नाही, पिस्तूल काढत नाही, गाडीचा पाठलाग करत नाही. अंडी फोडता फोडता गप्पा मारतो आणि दु:खात बुडालेली बाई आपल्या नवऱ्याबद्दल बोलू लागते. जिम कसा होता, कसा लिहायचा, सुचलेली प्रत्येक गोष्ट कशी मिळेल त्या कागदावर टिपून ठेवायचा. ही शेवटची माहिती किती मोलाची ठरणार आहे, हे तेव्हा प्रेक्षकालाही उमगत नाही.

पीटर फॉकचं यातलं काम म्हणजे कमाल. कोलंबोचा तो प्रसिद्ध रेनकोट फॉकचा स्वत:चा होता. खटारा प्यूजो गाडीही त्यानंच निवडलेली. फॉक तीन वर्षांचा असताना कर्करोगामुळे त्याचा उजवा डोळा काढून टाकावा लागला होता. कोलंबोची ती तिरपी, किलकिली नजर जन्मभर त्यानं वागवलेल्या काचेच्या डोळ्यातून आली होती. ज्या गोष्टीमुळे एखाद्याला नट होण्याचं स्वप्नही बघायची हिंमत झाली नसती, तीच त्याची खूण बनली. 'कोलंबो'साठी त्याला चार एमी पुरस्कार मिळाले, पहिला १९७२ मध्ये.

बारीकसारीक गोष्टींची टोचणी

कोलंबोला केनचा संशय येतो तो कशावरून? रक्ताचे डाग किंवा बोटांचे ठसे यांवरून नव्हे. अगदी घरगुती गोष्टींवरून.

पहिली गोष्ट : जिवलग मित्राचा घात झाल्याचं कळल्यावर माणूस विमान पकडून येईल की दोन तास गाडी हाकत? केन गाडीनं आला. (प्रेक्षकाला कारण ठाऊक आहे. डिकीत जिमचं प्रेत होतं!) दुसरी गोष्ट : केनच्या स्वत:च्या घरासमोरच्या हिरवळीवर जिमचं प्रेत सापडतं. गुंडांच्या टोळीनं ते आणून टाकलं, असं त्याला भासवायचं असतं. पण अंगणात मित्राचं प्रेत पडलेलं असताना या गृहस्थानं आपलं टपाल फोडून बिलं वाचलेली असतात. कोलंबोला हे खटकतं. कुणाच्याही घरात मयत झालं की त्या दिवशीचं टपाल तसंच पडून राहतं, हे समजायला पोलीस खात्यातलं प्रशिक्षण लागत नाही. माणसांचं वागणं नीट पाहिलेलं असलं म्हणजे झालं.

केन त्याला हसतो. आमच्या मिसेस मेलव्हिलनं हे प्रकरण एव्हाना सोडवलं असतं, असे टोमणे मारतो. कोलंबो मान डोलावतो, कादंबऱ्या घरी नेऊन वाचतो, दारापर्यंत जातो आणि परत वळतो : "एकच गोष्ट राहिली साहेब…"

या परत वळण्याचीही एक कथा आहे. सुरुवातीच्या नाटकात एक प्रसंग लांबीला कमी पडत होता. कोलंबोला तर आधीच दाराबाहेर घालवलेलं! सगळं पान पुन्हा टाइप करायचा लेव्हिन्सन आणि लिंक यांना कंटाळा आला. त्यापेक्षा त्यालाच परत आत आणून आणखी एक प्रश्न विचारायला लावू, असं त्यांनी ठरवलं. टाइपरायटरच्या कंटाळ्यातून टेलिव्हिजनवरची सर्वांत लाडकी लकब जन्माला आली, ती अशी.

लिलीची चूक

केनचा बेत पक्का असला तरी वाटेत एक गोष्ट घडून गेलेली असते. बंगलीवर जाताना तो लिली ला सॅन्का नावाच्या बाईच्या दुकानात थांबला होता. केनच्या कादंबऱ्यांची आणि खुद्द केनची ती चाहती. बाहेर गाडीत बसलेला जिम तिच्या नजरेला पडतो. पुढे वर्तमानपत्रांतून बातम्या येतात आणि लिलीला दोन आणि दोन चार करायला वेळ लागत नाही.

एक दिवस नाटकाला गेलेल्या केनला ती गाठते. गप्प राहण्याची किंमत सांगते : पंधरा हजार डॉलर. पण तिला पैशांइतकीच दुसऱ्या कशाची तरी भूक आहे. एकट्या राहणाऱ्या या बाईला त्या देखण्या माणसाची सोबत हवीय, दोन गोड शब्द हवेत. केन ते ओळखतो. पैसे घेऊन तिच्याकडे जातो, शँपेन उघडतो, प्रेमानं बोलतो आणि त्याच शँपेनच्या बाटलीनं तिचा जीव घेतो. मग होडीतून तळ्यात नेऊन अपघाताचा देखावा.

बार्बरा कोल्बीनं उभी केलेली ही लिली म्हणजे या भागाचा जीव आहे. ब्लॅकमेल करणारी बाई म्हटलं की प्रेक्षकाला तिची घृणा यायला हवी. इथे उलट तिची कीव येते. ती केनकडे बघून लाजते, हसते, तेव्हा "अगं बाई, पळ तिथून!" असं ओरडून सांगावंसं वाटतं. दोन खुनांपैकी दुसराच जास्त चटका लावून जातो.

कोलंबोला मात्र या खुनामुळे धागा मिळतो. तिच्याकडे केनची सही असलेलं पुस्तक सापडतं, शँपेनचं बूच सापडतं. ओळख नसलेल्या बाईकडे हे कसं?

श्रेयाचा मोह

शेवटचा प्रसंग ऑफिसात घडतो. कोलंबो केनला सांगतो की दुसरा खून अगदीच कच्चा होता, घाईगर्दीत उरकलेला. पहिला मात्र हुशार डोक्याचा. इतका हुशार की तो केनला सुचणंच शक्य नाही. कारण केनला आयुष्यात काही सुचलेलंच नाही! मग तो जिमच्या कागदांमध्ये सापडलेलं एक टिपण वाचून दाखवतो. एकानं दुसऱ्याला दूरच्या घरी न्यायचं, तिथून बायकोला फोन करायला लावायचा आणि फोनवरच गोळी घालायची… केनच्या बेताचा सगळा आराखडा जिमच्या टिपणात.

केन हरतो. पण जाता जाता एक गोष्ट बोलून दाखवतो : ही कल्पना मुळात त्याची स्वत:ची होती! पाच-एक वर्षांपूर्वी त्यानं ती जिमला सांगितली होती. त्याला आयुष्यात सुचलेली ती एकमेव चांगली कल्पना. जिम ती टिपून ठेवेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

या शेवटावर रहस्यप्रेमींमध्ये वाद होत आले आहेत. नुसत्या एका टिपणावरून कोर्टात खून सिद्ध होईल का? एखाद्या कसलेल्या वकिलानं तो पुरावा चुटकीसरशी उडवून लावला असता, हे खरंच आहे. कायद्याच्या काट्यावर हा शेवट थोडा हलकाच पडतो.

पण माणसाच्या स्वभावाच्या काट्यावर? जन्मभर दुसऱ्याच्या लेखनाचं श्रेय या माणसानं लाटलं. आता त्याच्या एकुलत्या एका कल्पनेचं श्रेय जिमच्या खात्यावर जमा होतंय, हे त्याला सोसत नाही. गप्प बसला असता तर कदाचित सुटलाही असता. पण "ते माझं होतं" हे सांगितल्यावाचून त्याला राहवत नाही. आणि त्याला पकडून देतो कोण? तर मेलेला जिम! प्रत्येक गोष्ट इमानेइतबारे टिपून ठेवायची त्याची सवयच शेवटी मित्राच्या गळ्याचा फास ठरते.

ऑफिसात, धंद्यात, घराघरांत, जिथे एक राबतो आणि दुसरा मिरवतो, तिथे ही गोष्ट आपलीच वाटावी. रक्त न सांडताही असे केन फ्रँकलिन रोज कुणाचं ना कुणाचं श्रेय पळवत असतात. त्यांच्यामागे कोलंबो लागत नाही, एवढाच फरक.

चोवीस वर्षांचा पोरगा

या भागाची श्रेयनामावली आज वाचली तर चकित व्हायला होतं. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग, वय २४. पटकथाकार स्टीव्हन बोचको, वय २७. दोघेही तेव्हा युनिव्हर्सल स्टुडिओत धडपडणारे तरुण. याच वर्षी १३ नोव्हेंबरला स्पीलबर्गचा 'ड्युएल' हा टीव्ही-चित्रपट आला, १९७५ मध्ये 'जॉज' आला आणि पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. बोचकोनं १९८१ मध्ये 'हिल स्ट्रीट ब्ल्यूज' ही मालिका आणून पोलिसांच्या मालिकांचं रूपच बदलून टाकलं.

कॅमेऱ्यामागे मात्र अनुभवी हात होता रसेल मेटीचा. 'स्पार्टाकस'साठी ऑस्कर मिळवलेला, ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ ईव्हिल'चं छायाचित्रण केलेला हा साठी ओलांडलेला माणूस आणि दिग्दर्शकाच्या खुर्चीत त्याच्या नातवाच्या वयाचा पोरगा! पण जोडी जमली. संगीतकार बिली गोल्डनबर्गनं तर टाइपरायटरच्या आवाजाचाच संगीतात वापर करून घेतला. त्या काळच्या टीव्ही मालिका झटपट, साच्यातून काढल्यासारख्या चित्रित होत. हा भाग सिनेमासारखा दिसला, सिनेमासारखा ऐकू आला.

केन झालेला जॅक कॅसिडी हा मूळचा रंगभूमीवरचा गाणारा नट, टोनी पुरस्काराचा मानकरी. त्याचा केन प्रेक्षकांना इतका आवडला की 'कोलंबो'च्या आणखी दोन भागांत, १९७४ आणि १९७६ मध्ये, त्याला पुन्हा खुनी म्हणून बोलावण्यात आलं. दर वेळी नवं नाव आणि तसंच गोड, जीवघेणं हसू.

पडद्याबाहेर

पडद्यावर सव्वा तासात न्याय होतो. पडद्याबाहेर तसं घडत नाही. लिलीचं काम करणाऱ्या बार्बरा कोल्बीच्या वाट्याला जे आलं ते ऐकून अंगावर काटा येतो. 'मेरी टायलर मूर शो'मुळे तिचं नाव होऊ लागलं होतं, 'फिलिस' या नव्या मालिकेत तिला नियमित भूमिका मिळाली होती. पहिले तीन भाग चित्रित झाले आणि २४ जुलै १९७५ च्या रात्री, लॉस एंजेलिसमध्ये अभिनयाच्या वर्गाहून निघाल्यावर तिच्यावर आणि तिच्यासोबतच्या नटावर गोळ्या झाडण्यात आल्या. दोघांचाही मृत्यू झाला. चोरी नाही, वैर नाही, कसलंच कारण सापडलं नाही. मारेकरीही सापडले नाहीत. तिच्यासाठी कुणी कोलंबो दारातून परत वळला नाही.

पुढच्याच वर्षी, १२ डिसेंबर १९७६ रोजी, जॅक कॅसिडीच्या घराला आग लागून त्याचा अंत झाला. पेटत्या सिगारेटसह झोप लागल्यानं ती आग भडकली होती. या भागातला खुनी आणि त्याचा बळी, दोघेही प्रसारणानंतर सव्वापाच वर्षांच्या आत गेले. आता हा भाग पाहताना त्या दोघांचा शँपेनचा प्रसंग आला की मन अधिकच हळवं होतं.

न तुटलेली जोडी

या कथेत सर्वांत मोठी गंमत मात्र वेगळीच आहे. दोन लेखकांची जोडी फुटते आणि एक दुसऱ्याचा जीव घेतो, अशी ही गोष्ट ज्या मालिकेत आली ती मालिका निर्माण करणारे लेव्हिन्सन आणि लिंक हीसुद्धा लेखकांची जोडीच! दोघे फिलाडेल्फियाचे. शाळेत असताना भेटले, दोघांनाही रहस्यकथांचं आणि जादूच्या प्रयोगांचं वेड. तेव्हापासून जे एकत्र लिहू लागले ते लिहीतच राहिले. १९७२ च्या एमी पुरस्कारांत पटकथेसाठी बोचकोला 'मर्डर बाय द बुक'बद्दल नामांकन होतं, पण पुरस्कार गेला तो 'कोलंबो'च्याच दुसऱ्या एका भागासाठी. लेखक, अर्थात लेव्हिन्सन आणि लिंक.

जोडीनं लिहिणं किती कठीण असतं, हे आपल्याला सलीम-जावेद यांच्यावरून ठाऊक आहे. 'जंजीर'च्या पोस्टरवर लेखकांची नावं नाहीत म्हणून त्यांनी ती मुंबईभर रंगवून घेतल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. 'दीवार', 'शोले' देऊन शिखरावर पोहोचलेली ही जोडी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फुटली, तेव्हा घरातली वाटणी झाल्यासारखं लोक हळहळले. कोण जास्त लिहायचं, यावर चहाच्या टपऱ्यांवर चर्चा रंगल्या.

लेव्हिन्सन आणि लिंक यांची जोडी मृत्यूनंच तोडली. १९८७ मध्ये लेव्हिन्सन गेला, वय अवघं ५२. लिंक एकटा पडला. १९९१ मध्ये त्यानं 'द बॉइज' हा टीव्ही-चित्रपट लिहिला. विषय, एकत्र लिहिणारे दोन लेखक मित्र आणि त्यांच्यातल्या एकाचं आजारपण. २०१० मध्ये कोलंबोच्या त्यानं लिहिलेल्या नव्या कथांचं पुस्तक आलं. पुढच्या वर्षी, २३ जून २०११ रोजी, पीटर फॉकचं निधन झालं. अखेरच्या दिवसांत स्मृतिभ्रंशामुळे त्याला अनेक गोष्टी आठवत नव्हत्या. लोक मात्र त्याला विसरले नाहीत. २०१४ मध्ये हंगेरीत, बुडापेस्टच्या फाल्क मिक्शा रस्त्यावर, कोलंबोचा आणि त्याच्या लाडक्या कुत्र्याचा पुतळा उभारण्यात आला. डिसेंबर २०२० मध्ये ८७ वर्षांचा लिंकही गेला.

'कोलंबो' १९७८ मध्ये एनबीसीवर थांबली होती, ती १९८९ मध्ये एबीसी वाहिनीवर पुन्हा सुरू झाली आणि २००३ पर्यंत चालली. चाचणी-चित्रपट धरून एकूण ६९ भाग झाले. नव्या भागांच्या वेळी लेव्हिन्सन या जगात नव्हता. तरीही प्रत्येक भागाच्या श्रेयनामावलीत मालिकेचे निर्माते म्हणून दोन नावं शेजारीशेजारी झळकत राहिली, रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक. केन फ्रँकलिनला जे कधी जमलं नाही, ते लिंकनं सहज निभावलं. मित्राच्या वाट्याचं श्रेय त्यानं मित्राकडेच राहू दिलं.